आधी कथा, मग नाव

परवा माळ्यावरचे जुने दिवाळी अंक खाली काढले. निम्मे तरी रद्दीत घालायचे, असा घरात तह झाला होता. पण रद्दी निवडायला बसलेला माणूस शेवटी वाचतच बसतो! एका अंकात जयंत पवारांची कथा निघाली. अंक माझाच, बाकीच्या लेखांवर पेन्सिलीच्या खुणाही माझ्याच. या कथेची पानं मात्र कोरी करकरीत. आणि शेवटी, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे, लेखकाचा पत्ता छापलेला.

तेव्हा का वाचली नसेल? कारण मला चांगलं ठाऊक आहे, सांगायची लाज वाटते इतकंच. जयंत पवार म्हणजे 'अधांतर'चे नाटककार आणि वर्तमानपत्रातले नाट्यसमीक्षक, असा शिक्का मी डोक्यात मारून ठेवला होता. नाटकवाल्यानं हौसेनं लिहिलेली कथा असेल, नंतर बघू... २०१२ साली 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या त्यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा पुस्तक घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. वाचलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये ते गेल्यानंतर. मुंबईच्या पोटातली ती माणसं पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जाईनात. लेखकाला पत्र लिहावं असं फार वाटलं. पण आता कुणाला लिहिणार?

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. नवा लेखक सापडत नाही अशी तक्रार आपण सगळेच करतो. 'हल्ली कुणी चांगलं लिहीत नाही' हे तर चहाच्या कपाबरोबर येणारं वाक्य. पण खरं सांगायचं तर लेखक आपल्या हातातल्या अंकातच असतो, आपण पान उलटतो. आपण कथा वाचायच्या आधी नाव वाचतो. नाव मोठं असेल तर सुमार कथाही शेवटपर्यंत सहन करतो. अनोळखी असेल तर पहिल्या परिच्छेदात कंटाळायची तयारी ठेवूनच बसतो. आणि नाव दुसऱ्याच कामासाठी ओळखीचं असेल तर माझं झालं तसं होतं.

हे जयंत नारळीकरांनी फार पूर्वी ओळखलं होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेले. त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपली आद्याक्षरं उलटी फिरवली, झालं! कथेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांना 'जगताप' नावाचा नवा कथाकार सापडला आणि नंतर कळलं की हे तर नारळीकर. मला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी, की एवढ्या मोठ्या माणसाला आपलं नाव कथेच्या आड येईल असं वाटलं. मग ज्याला नावच नाही त्याच्या कथेच्या आड काय काय येत असेल!

कुणी म्हणेल, वेळ कुठे आहे? दर दिवाळीला शेकड्यानं अंक निघतात. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, सगळं कोण वाचणार? पुरस्कार असतात की निवडून द्यायला. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही २०११ पासून आहे. मान्य. पण पुरस्कार मिळतो तो पुस्तक झाल्यावर. त्याआधी लेखक कुठल्या तरी अंकाच्या मधल्या पानांत आपली पहिली-दुसरी कथा घेऊन उभा असतो. मला वाटतं, तिसरी लिहायची की नाही हे तो बऱ्याचदा तिथेच ठरवत असेल. तिथे त्याला पुरस्कारापेक्षा एक वाचक हवा असतो. सगळं वाचा असं मी म्हणतच नाही. दर अंकात एक कथा, नाव न बघता. एवढंच.

मी गेली दोन-तीन वर्षं हे करतोय. अनुक्रमणिका बघत नाही, कथेच्या डोक्यावर पोस्टकार्ड ठेवतो आणि वाचायला लागतो. (घरातले हसतात. हसू देत.) चार-पाच पानांत जमलं नाही तर बिनदिक्कत सोडतो, कारण भिडेखातर वाचणं हाही लेखकाचा अपमानच. बहुतेक कथा सुटतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण गेल्या दिवाळीत एक सुटली नाही. धरणात गाव गेलेल्या बाईची गोष्ट, रडारड न करता लिहिलेली. पोस्टकार्ड उचललं तर नाव अगदीच अनोळखी. खाली फोन नंबर होता. अनोळखी माणसाला फोन करायचा मला भारी संकोच, पण या वेळी केला. पलीकडे एक तरुण मुलगा. कथा आवडली म्हटल्यावर तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, शेवटपर्यंत वाचलीत?" मी म्हटलं, दोनदा वाचली. अंक येऊन महिना झाला होता आणि माझा पहिलाच फोन होता, असं तो म्हणाला.

तो पुढे मोठा लेखक होईल की नाही, मला माहीत नाही. होईलच असंही नाही. पण फोन वेळेत गेला, याचं समाधान आहे.

असो. माळ्यावरचे अंक काही रद्दीत गेले नाहीत. कोरी पानं अजून बरीच आहेत.