सोबतीचा वेग

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या पूर्वेस, डोंगरमाथ्यावर मुंडारिंग नावाचे एक छोटे गाव आहे. सायकलस्वारांसाठी आखलेली एक वनवाट तेथून दक्षिणेकडे निघते आणि एक हजार किलोमीटरहून अधिक अंतर जंगलांतून व लहान गावांतून कापत समुद्रकाठच्या ऑल्बनीला पोहोचते. तिचे नाव मुंडा बिड्डी. तेथील मूळ रहिवासी असलेल्या नूंगार लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘जंगलातून जाणारी वाट’ असा आहे. मुंडारिंग ते कॉली हा तिचा पहिला टप्पा २००४ मध्ये खुला झाला आणि २०१३ मध्ये संपूर्ण वाट तयार झाली.

वाटेत ठिकठिकाणी लाकडी निवारे आहेत. तेथे झोपण्यासाठी फळ्या आणि छपरावरचे पावसाचे पाणी साठविणारी टाकी असते. भाडे पडत नाही. राखणदार नसतो, उपाहारगृहही नसते. अन्न सोबत न्यावे लागते आणि टाकीतील पाणी शुद्ध करूनच प्यावे लागते. पाणी गाळून, उकळून पिण्याची सवय ज्या घरांत आहे, त्यांना हा नियम निराळा वाटणार नाही.

अशा वाटेवर दोन बालमित्र निघाले आहेत, असे समजावे. दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. पहिला रोज पहाटे सायकल चालविणारा. दुसऱ्याचा दिवस दुकानाच्या गादीवर जाणारा. कॉलीपर्यंतचा टप्पा पुरा करायचा, हा पहिल्याचा संकल्प. निघताना त्यांनी ओझे वाटून घेतले. पंप, पाने आणि पंक्चरचे सामान पहिल्याकडे. चूल, भांडी आणि शिधा दुसऱ्याकडे. एकच वस्तू दोघांनी कशाला वाहायची, हा हिशेब व्यवहाराचाच होता. मात्र या वाटणीत एक अट आपोआप आली होती, की दोघांनी एकमेकांपासून दूर जायचे नाही. ती अट कोणी बोलून दाखविली नाही.

पहिला दिवस सुखाचा गेला. जॅरा वृक्षांचे उंच खोड, मधूनच कर्कश ओरडत जाणारे काळे काकाकुवा आणि कोठे कोठे जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या सपाट मार्गावरून जाणारी वाट. दुसऱ्या दिवशी जमिनीने आपला स्वभाव दाखविला. या भागात जांभ्याचे वाटाण्याएवढे गोल खडे वाटेवर पसरलेले असतात. त्यांवर चाक रुतत नाही, घसरते. पहिला सवयीने पुढे निघून गेला आणि दुपारीच निवाऱ्यावर पोहोचला.

तास गेला, दुसरा तासही गेला. मोबाइलला संपर्क नव्हता. ऊन कलू लागले तेव्हा त्याच्या ध्यानात आले की पंप आपल्या पिशवीत आहे. तो उठला आणि उतरून आलेला चढ पुन्हा चढू लागला.

काही किलोमीटरांवर मित्र दिसला. एका उतारावर त्याने पुढचा ब्रेक दाबला होता आणि सायकलसह तो आडवा झाला होता. गुडघा सोलवटला होता, पुढच्या चाकातील हवा गेली होती. सायकल ढकलीत तो चालत होता.

“तू परत कशाला आलास? मी आलोच असतो,” तो म्हणाला.

पहिल्याने उत्तर दिले नाही. त्याने ट्यूब बदलली, पाण्याने जखम धुतली आणि मित्राचे अर्धे सामान आपल्या सायकलवर घेतले. निवाऱ्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. त्या रात्री चूल पेटली नाही. दोघांनी चार खजूर खाऊन पाठ टेकली.

सकाळी पहिल्याने एवढेच सांगितले, “आजपासून तू पुढे.”

पुढे राहणाऱ्याचा वेग हाच दोघांचा वेग झाला. अंतर कमी पडू लागले. चढावर पहिल्याचे पाय शिवशिवत; तरी तो मागेच राहिला. वाटेत टायर व बूट घासून स्वच्छ करण्याची जागा लागली. चिखलातून पसरणारा ‘डायबॅक’ हा मुळे कुजविणारा रोग जंगलाच्या निरोगी भागात जाऊ नये, म्हणून ही दक्षता असते. दोघे तेथे शांतपणे चिखल खरवडीत बसले. घाई करण्यासारखे आता काही उरले नव्हते.

पाचव्या दिवशी ड्वेलिंगअप गाव आले. कॉली अद्याप दूर होती आणि मित्राचा गुडघा सुजला होता. गावातील बाकावर बसून पहिल्याने नकाशा उघडला, थोडा वेळ पाहिला आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

“इथेच थांबू,” तो म्हणाला.

“तुझी कॉली राहिली की रे.”

“वाट कुठे पळून जाते? पुढच्या वर्षी इथूनच निघू. पंप मात्र दोघांकडे एकेक.”

दुसरा हसला. चार दिवसांत प्रथमच.