निकडीचे भाडे

विमानप्रवास ही एके काळी धनिकांची आणि बड्या अधिकाऱ्यांची मिरास होती. १९५३ सालच्या राष्ट्रीयीकरणाने आलेली सरकारी मक्तेदारी १९९४ साली कायद्याने संपली, २००३ साली स्वस्त विमानसेवा सुरू झाली, आणि बंगळूरला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला विमानाने पुण्यास येऊ लागला. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु शेजारीशेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी एकाच प्रवासासाठी मोजलेल्या रकमांत दुपटीतिपटीचे अंतर पडते, हे पाहून सामान्य गृहस्थ चक्रावून जातो. मग अमक्या वारी, मध्यरात्रीनंतर तिकीट काढावे, असले मुहूर्त लोक एकमेकांस सांगू लागतात. ह्या मुहूर्तांवर आमचा विश्वास नाही.

खरा हिशेब साधा आहे. विमानातील जागा निरनिराळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गट संपला की त्याच्या वरचा उघडतो. म्हणून ज्याचा बेत पक्का आहे, त्याने काही आठवडे आधी तिकीट काढावे आणि सणाचा ऐन आदला दिवस टाळावा. प्रथम दिसणाऱ्या आकड्यावर भाळू नये. सामान, जागेची निवड आणि सेवाशुल्क मिळवून होणाऱ्या अखेरच्या रकमेचीच तुलना करावी. पहाटेच्या स्वस्त विमानासाठी टॅक्सीला जे द्यावे लागेल, तेही त्यात धरावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तिकीट रद्द केल्यास मूळ भाडे व इंधन अधिभार ह्यांच्या बेरजेहून अधिक रक्कम कंपनीस कापता येत नाही. ‘परतावा नाही’ असा शेरा असलेल्या तिकिटावरील कर आणि विमानतळाचे वापरशुल्कसुद्धा परत मागण्याचा प्रवाशास अधिकार आहे. तो त्याने संकोच न करता बजावावा.

तथापि, ही सारी काटकसर सवड असलेल्यांची आहे. नागपुरात आईला रात्री रुग्णालयात हलविल्याची वार्ता ज्याला मुंबईत कळते, त्याने कोणते आठवडे आधी पाहावेत? सहलीस निघालेल्यास सर्वांत स्वस्त आणि अंत्यदर्शनास निघालेल्यास सर्वांत महाग, असा हा व्यवहार झाला आहे. अखेरच्या महाग जागांमुळेच आधीच्या जागा स्वस्त देता येतात, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. सरसकट कमाल दर लादल्यास खालचे दर चढतील, हा धोकाही आम्ही जाणतो. परंतु निकड ही हौस नव्हे, आणि तिची किंमत केवळ बाजाराने ठरवू नये.

सरकारला हे अशक्य नाही. मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत देशांतर्गत भाड्यांना किमान व कमाल मर्यादा होतीच. २०१६ सालच्या ‘उडान’ योजनेनेही ठरावीक मार्गांवर काही जागांचे कमाल भाडे बांधून दिले. त्याच धर्तीवर प्रत्येक उड्डाणात चार-दोन जागा अखेरपर्यंत राखाव्यात, आणि आजारपण किंवा मृत्यू ह्यांचा दाखला देणाऱ्यास त्या बांधलेल्या दराने द्याव्यात, अशी आमची सूचना आहे. सर्व शुल्कांसह पूर्ण भाडे प्रथमदर्शनीच दाखविण्याचे बंधनही कसोशीने पाळले जावे. काटकसर हा प्रवाशाचा धर्म आहे. अडलेल्याची अडवणूक न होऊ देणे हा सरकारचा.