मुलाबरोबर पुस्तकही निघाले पाहिजे

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी, अहिल्यानगर

विषय : जिल्हा परिषदेच्या शाळा, ऊसतोड कामगारांचे तळ आणि गावोगावची ग्रंथालये यांतील मुलांच्या वाचनाबाबत मागणीपत्र

महोदय,

आम्ही या जिल्ह्यातले शिक्षक, ग्रंथालय कर्मचारी आणि पालक आहोत. आमच्या साऱ्या मागण्या एका गोष्टीतून निघतात. शाळा मुलाला अक्षर शिकवते, पण पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक त्याच्या हाती राहत नाही. ज्या मुलाच्या घरात छापील कागद म्हणजे दिनदर्शिका आणि रेशन कार्ड एवढाच असतो, त्याचे वाचन मग शाळेच्या फाटकाशीच थांबते.

दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्याला नवरा-बायको दोघेही लागतात. मागे सांभाळायला आजी-आजोबा नसतील तर मूलही ट्रॉलीत बसते. मार्च-एप्रिलमध्ये ते परतते तोवर वर्गातला बहुतेक अभ्यास उरकलेला असतो. पण अभ्यास बुडण्याहून मोठे नुकसान आम्ही वर्गात पाहतो. दुसरी-तिसरीतले मूल नुकते अडखळत वाचू लागलेले असते. या वयात वाचनाला रोजचा सराव लागतो, आणि नेमके तेव्हाच चार-पाच महिने त्याच्या डोळ्यांपुढे एक ओळ येत नाही. परतल्यावर ते पुन्हा अक्षरे जुळवत बसते. दोन-तीन हंगाम असे गेले की सहावीतले मूल वर्गात गप्प राहायला शिकते. मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळायला ती कोपीवरच थांबते आणि तिची शाळा आधी सुटते.

या टोळ्यांपैकी कित्येक पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पण संगमनेर, राहाता, कोपरगाव, नेवासा या पट्ट्यातल्या कारखान्यांवरही तळ पडतात, आणि तिथे शेजारच्या जिल्ह्यांतली मुलेही येतात. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात 1950च्या सुमारास प्रवरानगरला, म्हणजे याच मातीत झाली. एकाच जिल्ह्याची दक्षिण बाजू मुले पाठवते आणि उत्तर बाजू ती उतरवून घेते. दोन्हीकडच्या शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या आहेत. त्यामुळे मंत्रालयाच्या आदेशाची वाट न पाहता पुष्कळ काही इथेच करता येईल.

म्हणून पहिली आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मागणी अशी. गाव सोडणाऱ्या प्रत्येक मुलाला शिक्षण हमी पत्रकाबरोबर त्याच्या वाचनाच्या पातळीची किमान दहा गोष्टींची पुस्तके द्यावीत. हमी पत्रक हे नव्या शाळेतल्या प्रवेशाचे साधन आहे, ते हवेच. पण ते मुलाला वाचता येत नाही. प्रत्येक मोठ्या तळावर पुस्तकांची पेटी, सायंकाळी दिव्याखाली बसण्याची जागा आणि ती चालवणारी एक व्यक्ती असावी. टोळीतलीच दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी मानधनावर नेमली तर उत्तम, कारण तळावर कोण कधी फडात जाते आणि कधी परतते हे तिला ठाऊक असते. कारखान्यांनी जागा व वीज द्यावी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या प्रतिटन 10 रुपये घेण्याचे सरकारने ठरवले आहे. पेट्यांचा खर्च त्यातून व्हावा, असा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांनी पाठवावा. जी मुले गावीच राहतात, त्यांच्या हंगामी वसतिगृहांत आणि संत भगवानबाबा योजनेच्या वसतिगृहांत जेवण-निवाऱ्याइतकीच वाचनाची खोलीही आवश्यक मानावी.

दुसरी मागणी कपाटाच्या किल्लीबद्दल आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला पुस्तकांसाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. म्हणजे पुस्तके अजिबात नाहीत असे नव्हे. ती कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. याचा दोष आम्ही शिक्षकाला देत नाही. पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत चढले की ते त्याच्या नावावर येते. तपासणीत एखादे कमी भरले, तर जाब त्याला द्यावा लागतो आणि वसुलीची भीती वाटते. मग तो पुस्तके जपतो, म्हणजे ती कोणाला देत नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे रास्त धरले आहे. हे प्रमाण सर्वसाधारण ग्रंथालयांसाठी आहे. लहान मुलांच्या हातून पुस्तक जास्त फाटणार, भिजणार, धाकट्या भावाकडे जाणार. जिल्हा परिषदेने स्वतंत्र परिपत्रक काढून मुलांच्या पुस्तकांची तूट व झीज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर निर्लेखित करण्याची मुभा द्यावी, आणि शिक्षकाकडून वसुली होणार नाही असे त्यात स्पष्ट लिहावे. एवढ्या एका कागदाने जिल्ह्यातली कितीतरी कपाटे उघडतील, अशी आमची खात्री आहे.

अशी मागणी करणे या जिल्ह्याला शोभते. नगरचे जिल्हा वाचनालय 1838चे, मुंबई विद्यापीठाच्याही 19 वर्षे आधीचे. सिंथिया फरार यांनी मुलींसाठी शाळा चालवल्या त्या याच शहरात, आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले तेही इथेच. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्यही नगर-राहुरीशी जोडलेले. आजही आमच्या गावांत सप्ताह बसला की पारायणाला माणसे तासन् तास मांडी घालून बसतात. वाचणे आणि एकत्र बसून ऐकणे या जिल्ह्याला नवे नाही. म्हणून आम्ही सुचवतो की शाळेच्या वेळापत्रकात रोज अर्धा तास मोठ्याने वाचनाचा असावा, त्यात शिक्षकाने वाचून दाखवावे आणि त्यावर प्रश्नोत्तरे किंवा गुण नसावेत. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन 2015पासून साजरा होतो. त्या दिवशीचे छायाचित्र वर पाठवण्याऐवजी वर्षभरात किती पुस्तके घरी गेली आणि परत आली, याची माहिती केंद्रप्रमुखांनी मागवावी.

लहान शाळांबाबत आमची भूमिका ठाम आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा राज्यात असल्याचे 2023मध्ये सांगितले गेले आणि त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात ओढा आडवा आला की एक किलोमीटरही लांब पडतो. अंतर वाढले की आधी मुलींची शाळा सुटते. आदिवासी पाड्यावर आणि वस्तीवर शाळा ही बहुधा पुस्तके असलेली एकमेव इमारत असते. तिथली एकही शाळा पटाच्या कारणाने बंद करू नये. विलीनीकरणाचा प्रस्ताव येईल तिथे ग्रामसभेच्या संमतीशिवाय पुढे जाऊ नये.

माध्यमिक शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल हजारावर पट असेल तरच मिळतो. खेड्यातल्या शाळेला हा आकडा गाठणे अवघड आहे. म्हणून तीन-चार शाळांना मिळून एक फिरता ग्रंथपाल द्यावा. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना 1967च्या कायद्याने अनुदान मिळते. 2022मध्ये त्यात साठ टक्के वाढीचा निर्णयही झाला. तरीही ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाच्या हाती पडणारे पैसे शेतमजुरीपेक्षा कमी आहेत. ग्रंथालयांच्या 2012च्या पडताळणीनंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षे थांबली, त्याची झळ लहान गावांना बसली. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी शाळा आणि गावचे ग्रंथालय यांच्यात पुस्तकांची देवघेव सुरू करून द्यावी आणि ग्रंथालयाची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवण्यास सांगावे. सकाळी उघडून दुपारी बंद होणारे ग्रंथालय मुलांच्या उपयोगी पडत नाही.

टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरअखेर, आपल्या तिन्ही कार्यालयांची आमच्यासोबत एकत्र बैठक व्हावी. त्या बैठकीत निर्लेखनाच्या परिपत्रकाचा मसुदा आणि पहिल्या हंगामासाठी तळांची यादी निश्चित व्हावी. यादी तयार करण्यासाठी लागणारी गावनिहाय माहिती शिक्षकांकडून गोळा करून देण्याची जबाबदारी आमची संघटना घेते.

आपले नम्र,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद