शिकागोचा भाव कळतो, शाळेचं काय?

सोयाबीन उतरलं की पारावर कुणीतरी म्हणतोच, "शिकागोचा बाजार पडला." त्या शिकागोच्या सरकारी शाळा कशा चालतात, हे मात्र आपल्या कानावर येत नाही. ते ऐकण्यासारखं आहे.

शहरातल्या सहाशेहून अधिक शाळा एकाच मंडळाखाली आहेत. मुलं तीन लाखांहून जास्त, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी घरांतली. शेतीची शाळासुद्धा आहे! शहरात उरलेल्या शेवटच्या शेतावर, ७२ एकरांत ती १९८५ साली निघाली. शहरातली पोरं तिथे पिकं, जनावरं आणि अन्नप्रक्रिया शिकतात.

१९८७ साली शिक्षकांचा १९ दिवस संप झाला. पालक चिडून रस्त्यावर आले. १९८८ मध्ये राज्याने कायदा केला आणि शाळाशाळांतून 'स्थानिक शाळा परिषद' आली. तीत सहा पालक, वस्तीतले दोन रहिवासी, शिक्षक आणि मुख्याध्यापक. पालक आणि रहिवासी मतदानाने निवडले जातात. मुख्याध्यापक कोण नेमायचा, चार वर्षांनी त्याचा करार वाढवायचा की नाही, हे परिषद ठरवते. शाळेचं अंदाजपत्रकही तीच मंजूर करते.

म्हणजे सगळं आलबेल होतं असं नाही. कित्येक ठिकाणी परिषदेला उमेदवार मिळत नाहीत. शिवाय १९९५ पासून वरचं मंडळ महापौर नेमू लागले. पट कमी आणि पैसा अपुरा, असं कारण देऊन २०१३ मध्ये सुमारे ५० शाळा बंद केल्या. पालक ओरडले, पण शाळा वाचवण्याचा अधिकार परिषदेकडे नव्हता. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की शाळा बंद झालेल्या मुलांचं शिक्षण सुधारलं नाही, उलट गणितात ती मागे पडली. पालकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळाच्या काही जागांसाठी पहिल्यांदा मतदान झालं.

आता आपल्याकडे या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला सांगितल्या आहेत. मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकार समितीला नाही, हे खरं. पण शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणं तिचंच काम आहे. प्रत्यक्षात काय होतं? पीकपाहणीला गेलो असता एका गावात मी पाहिलं, सभेचं रजिस्टर सह्यांसाठी शेतात फिरत होतं. सही करणाऱ्या बाईंना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं.

कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विषय २०२३ मध्ये आपल्याकडेही निघाला. उद्या आपल्या वस्तीवर ही पाळी आली, तर बोलणार कोण? ज्या समितीची सभाच होत नाही, तिचा ठराव कोण मानणार?

सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी बंधूंनो, पाणी वापर संस्थेत आपण पाळीसाठी भांडतो. पोराच्या शाळेसाठी महिन्यातला एक तास काढा. येत्या ग्रामसभेत समितीच्या सदस्यांची नावं मोठ्याने वाचा आणि गेल्या वर्षीच्या खर्चाचा हिशेब मागा. शिकागोचा भाव आपल्या हातात नाही, गावची शाळा मात्र थोडीफार आहे.