फळ्यावरचा मासा

मालवण बाजारातून तारकर्लीच्या रस्त्याला लागलं की थोड्या थोड्या अंतरावर फळे दिसू लागतात. वर ‘घरगुती’, त्याखाली ‘अस्सल मालवणी’, आणि मग खडूने लिहिलेली उतरंड: शाकाहारी थाळी, चिकन थाळी, बांगडा थाळी, सुरमई थाळी, पापलेट थाळी. तळाशी खेकड्यापुढे आकड्याऐवजी ‘साइजप्रमाणे’. मालक निरनिराळे, मजकूर मात्र जवळपास एकच. या जेवणाबद्दल पर्यटकांची ठरलेली तक्रार अशी की दर वाढले आणि चव उतरली. तिचं ठरलेलं कारण असं की मालक लोभी झाले. मला हे कारण अपुरं वाटतं. लोभ भाजी मंडईतही असतो आणि सोन्याच्या पेढीवरही. त्यानं सगळ्या फळ्यांवर तेच चार शब्द का यावेत? फळ्यावर खडू मालकाच्या हातात असला, तरी काय लिहायचं ते गिऱ्हाईक सांगतं. आणि पर्यटनस्थळी ते गिऱ्हाईक एकदा जेवून निघून जाणारं असतं. माझ्या मते गोम तिथेच आहे.

‘खाणावळ’ हा शब्द मुळात वेगळ्या गिऱ्हाइकासाठी होता. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचा. रांधणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांच्याच संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या खाणावळीत यादी नसायची. बाजारात जे स्वस्त आणि ताजं, ते पानात. निवडीची मुभा नसलेल्या त्या जेवणाला एक भक्कम जामीन होता: उद्याही तोच माणूस पाटावर येऊन बसणार होता. आज मांदेली खारट झाली तर रात्रीच ऐकून घ्यावं लागणार, आणि महिनाअखेरीला पैसे अडणार. हॉटेलची रीत याच्या उलट. तिथे गिऱ्हाईक निवडतं, पैसे देतं आणि उठतं. पर्यटनाच्या गावांनी शब्द खाणावळीचा ठेवला आणि रीत हॉटेलची उचलली. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. ओसरीवर चार पानं मांडणाऱ्या घरांनी फळा बाहेर लावला. त्यात गैर काही नव्हतं. फक्त रोजचं गिऱ्हाईक गेलं आणि त्याच्याबरोबर जामीनही गेला.

एकदाच येणाऱ्या माणसाला अनोळखी नावावर पैसे लावायचे नसतात. सौंदाळे, मुडदुशी, लेप, पेडवे ही नावं पुण्याहून किंवा नागपूरहून आलेल्या कुटुंबाला काही सांगत नाहीत. सुरमई सांगते. तिला काटे कमी, तुकड्या एकसारख्या पडतात, एका मोठ्या माशात कितीतरी थाळ्या निघतात आणि बर्फात ती बऱ्यापैकी दिवस काढते. म्हणजे गिऱ्हाइकाला जी सोयीची, तीच मालकालाही सोयीची. याउलट तारली किंवा पेडवे सकाळी किनाऱ्यावर आले की दुपारी चुलीवर चढायला हवेत. हा मासा घरात रांधायचा, हॉटेलात साठवायचा नव्हे. फळ्यावर बांगडा आहे हे खरं, पण माशांतल्या सर्वांत स्वस्त पायरीवर, आणि तोही रव्यात घोळवून तळलेला. ज्या तिरफळानं बांगड्याच्या तिखल्याला त्याचा वास येतो, ते तिरफळ नवख्या जिभेला चमत्कारिक लागतं, म्हणून ते मागच्या दारी राहतं. शाकाहारी थाळीचंही तेच. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि कुळथाची पिठी हे मालवणी घरातलं रोजचं जेवण, पण पर्यटकाच्या पानात पनीर पडतं.

पापलेटाची गंमत आणखी कडू आहे. सुरमईची तुकडी पडते, पापलेट अख्खा वाढायचा असतो. थाळीचा दर फळ्यावर ठरलेला, ताट ठरलेलं, मासा महागलेला. मग बदलायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माशाचा आकार. तळहाताएवढा पापलेट ताटात येतो, गिऱ्हाईक ‘मालक मापात मारतो’ म्हणून कुरकुरतं, आणि अंडी घालण्याच्या वयाला न पोचलेला मासा संपत राहतो. राज्य सरकारनं २०२३ साली चंदेरी पापलेटाला राज्य मासा ठरवलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान जाहीर केलं. पापलेटाचं १३५ मिलिमीटर. एवढासा जीव, त्याला राज्याचा मान मिळाला आणि थाळीतून सुटका मात्र झाली नाही. नियम पकडणाऱ्यासाठी झाला हे ठीक. पण लहान अख्ख्या माशाला जागा करून देणारा फळा आणि त्याच दरात पापलेट मागणारं गिऱ्हाईक यांच्यापर्यंत तो नियम पोचताना दिसत नाही.

पंचांगही या फळ्याच्या विरोधात आहे. पर्यटकांची गर्दी दिवाळीत, डिसेंबरअखेरीला आणि सगळ्यात जास्त मे महिन्यात. मे म्हणजे हंगामाची शेपटी. वारा फिरू लागतो, होड्या एकेक करून वर ओढल्या जातात. १ जूनपासून किमान ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. पारंपरिक होड्यांना सूट असली तरी खवळलेल्या समुद्रात त्या जाणार किती? या दिवसांत मालवणी घरात सुके बांगडे, सोडे, सुकट आणि खाडीचं जे मिळेल ते शिजतं. आंबोलीचा धबधबा बघून खाली उतरलेल्या पर्यटकाला मात्र फळ्यावर सुरमईच हवी असते, आणि ती असतेही. यात बेकायदा काही असेलच असं नाही: बर्फातला साठा असतो, आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, तिथला मासा येऊ शकतो. पण मग ‘ताजा’ आणि ‘अस्सल’ या शब्दांचं काय करायचं? बंगालच्या उपसागरातली सुरमई अरबी समुद्राच्या काठी बसून खायची, तर ती पुण्यातच खाल्लेली काय वाईट. निदान घाट तरी उतरावा लागत नाही.

यावर हल्लीचं उत्तर असं की परतीच्या गिऱ्हाइकाची जागा आता मोबाइलवरच्या ताऱ्यांनी घेतली आहे. एकदाच जेवून गेलेला माणूसही पुढच्या हजारांना सावध करतो, म्हणजे जामीन परत आला. अर्धं खरं आहे. ताऱ्यांमुळे स्वच्छता सुधारते, उद्धटपणा आणि बिलातली लबाडी कमी होते, आणि हे काही थोडं नाही. पण चव कोण तपासतो? तोच, जो पहिल्यांदाच खातो आहे. सुरमई आठ दिवसांची की सकाळची, हे त्याला ओळखता येत नाही. रव्याचं जाड कवच आणि मसाला मिळून हा फरक झाकून टाकतात. तो अपेक्षेला गुण देतो. सोलकढी गुलाबी होती, तुकडी मोठी होती, पाच तारे. रोजच्या खाणाऱ्याची तक्रार जिन्नसाबद्दल असायची, आताची तक्रार बहुधा उशिराबद्दल आणि पार्किंगबद्दल असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वर्षातून एकदा, चार दिवसांची रजा काढून, साठवलेले पैसे खर्चून आलेल्या माणसानं आपल्या आवडीचं खाऊ नये काय? बरोबर लहान मुलं आहेत, त्यांच्या घशात काटा अडकला तर? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. स्थानिक माशाचं ज्ञान म्हणजे मोठेपणाचा दाखला, असा एक नवा तोरा शहरी खवय्यांत आला आहे, तो सुरमईपेक्षा जास्त शिळा आहे. सुरमई मागणं हा गुन्हा नव्हे. फक्त ती मागताना आपण समुद्राकडून दर दिवशी, दर ऋतूत तोच माल मागतो आहोत, आणि त्याची किंमत दर, आकार किंवा ताजेपणा यांपैकी कशातून तरी वसूल होणार, एवढा हिशेब ध्यानात असला म्हणजे ‘लुटलं’ म्हणून ओरडण्याचा हक्क थोडा कमी होतो. मुलांच्या काट्यांवर तर उपाय जुनाच आहे: मोरीचं मटण. मोरी म्हणजे लहान शार्क; तिला बारीक काटे नसतात, आणि मालवणी घरात ती मुलांना कधीपासून भरवतात.

मच्छीमाराचं काय, हाही प्रश्न येतोच. सुरमईला भाव मिळतो तो पर्यटकामुळे, आणि तो भाव कोणा ना कोणा घराला लागतोच. मान्य. पण किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात येतं ते समुद्र देईल ते: पेडवे, बांगडे, सौंदाळे, कधी चार खेकडे. किनाऱ्यावर उभा राहून पर्यटक त्या रापणीचे फोटो काढतो आणि शंभर पावलांवर जाऊन बर्फातली सुरमई मागतो. त्याच्या पैशातला वाटा फोटोतल्या माणसांपर्यंत पोचायचा असेल, तर फळ्यावर त्यांच्या जाळ्यातल्या माशाला ओळ हवी.

ती ओळ लिहिणं अवघड नाही. ‘आजचा मासा’, दर एक, नाव दुपारी बारा वाजता खडूने भरायचं. सुरमई-पापलेट खाली राहू द्यावेत, ज्याला हवे त्याला. मालक म्हणतील, कोणी मागवणार नाही. पहिल्या हंगामात ते बरोबरही ठरतील. पण नावाची जागा सकाळी दहापर्यंत रिकामी दिसली, तर निदान एवढं कळेल की या घरातलं कोणीतरी अजून किनाऱ्यावर गेलेलं आहे आणि परतायचं आहे.