खुंटी आपल्या हाताने पिळता आली पाहिजे



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. कोणी आयटीआयचा फॉर्म घेऊन येतो, कोणी नर्सिंगचा. काही वर्षांपूर्वी मात्र एक बाप वेगळेच विचारायला आला. मुलगी व्हायोलिन वाजवते, विद्यापीठात संगीताची पदवी घ्यायची म्हणते, तिथे परीक्षा कसली असते? आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, सुरातले आम्हाला काय कळणार? तरी फॉर्म भरला, दाखले जोडले आणि सोबत म्हणून बापलेकीबरोबर रातराणीने घाटावर गेलो.

मुलगी दहा मिनिटांत बाहेर आली ती डोळे पुसतच. तिने यमनमधली जलद गत वर्षभर घोटली होती. पण आमची रत्नागिरीची पावसाळी हवा दमट, लाकडी खुंट्या फुगून घट्ट बसतात. घाट चढल्यावर हवा बदलते, त्यात रात्रभर गाडीचे हादरे. तारा उतरल्या होत्या. परीक्षक म्हणाले, "आधी सुरात मिळवून घे." इथेच गाडी अडली. क्लासमध्ये वाद्य नेहमी सरच लावून देत. तिने तशीच बेसूर गत वाजवली. यादीत नाव लागले नाही.

बापाने वाद्य विकायला काढले. आम्ही त्याला थांबवले आणि जाणकारांकडे जाऊन चौकशी केली. जे कळले ते पालकांनी ध्यानात ठेवावे.

एक, अशा चाचणीत वेगाला मार्क नसतात, सुराला असतात. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत. बोट केसभर सरकले की सूर गेला. म्हणून एकच राग घ्यावा, पण आलापापासून नीट वाजवावा.

दोन, परीक्षक एखादी स्वरावली गाऊन दाखवतात आणि ती वाजवायला सांगतात. हातावर ताल धरायलाही सांगतात. त्रितालाच्या १६ मात्रा, एकतालाच्या १२, झपतालाच्या १० बोटांवर पाठ हव्यात.

तीन, चारही तारा षड्ज-पंचमात स्वतः मिळवायची सवय रोज करावी. गजाला लावायची राळ आणि एक जादा तार पेटीत असावी. शक्य तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत राहिल्याने पाया पक्का होतो. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र निघाले. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे, आणि आपल्याला जवळ पडणाऱ्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. कुठे कोणते वाद्य शिकवतात, हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्यावे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला तर शिष्यवृत्तीच्या वेळी धावपळ होत नाही.

"वाजवून पोट भरणार का?" असे आपल्यातलेच लोक विचारतात. पोटाची चिंता खोटी नाही. पण पुण्याला गेलात तर सेनापती बापट रस्त्यावरचे सिंबायोसिसचे डॉ. आंबेडकर संग्रहालय अवश्य पाहा. तिथे बाबासाहेबांचे व्हायोलिन ठेवले आहे. ज्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती त्यांनी मोठेपणी हातात गज धरला. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले. त्या जिल्ह्यातल्या मुलीने व्हायोलिन मागितले तर ते चैन कसे म्हणावे?

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. वर्षभर ती रोज पहाटे सगळ्या तारा मुद्दाम उतरवायची आणि पुन्हा मिळवायची. शेजारी कुरकुरले, पण आईने त्यांची समजूत काढली. दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा रातराणीत बसलो. आत गेल्यावर तिने परीक्षकांकडे दोन मिनिटे मागून घेतली, तारा लावल्या आणि मग शांतपणे यमनचा आलाप धरला. या खेपेला यादीत नाव होते.

आपल्या मुलांत गुण कमी नसतात. खुंटी दुसऱ्याने पिळून द्यायची सवय तेवढी मोडायला हवी. पालकहो, ती क्लासच्या पहिल्याच महिन्यात मोडा.