आपला वारसा रद्दीत किलोवर, त्यांच्या लिलावात कोटींवर

दुर्मीळ वस्तूंचा बाजार एका साध्या नियमावर चालतो: पहिल्या विकणाऱ्याला आपल्या हातातल्या वस्तूचे मोल कळता कामा नये. मुंबईच्या मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार असो की हाँगकाँगमधले लिलावघर, नफा निघतो तो या अज्ञानातून. आता विचार करा, आपल्याच वस्तूचे मोल आपल्याला कळू नये अशी व्यवस्था या देशात कोणासाठी राबवली गेली? ज्यांना अक्षर नाकारले, त्यांच्यासाठी. म्हणून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री हा काही हौशी लोकांचा निरुपद्रवी छंद आहे, असे मी मानत नाही. तो आपल्या इतिहासाच्या मालकीचा प्रश्न आहे.

पिपरहव्याचे उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेजवळचे हे ठिकाण. १८९८ साली विल्यम क्लॅक्स्टन पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने तिथला स्तूप खोदला. आत दगडी पेटी, अस्थिकलश आणि सुमारे १,८०० रत्ने-मणी सापडले. एका कलशावर ब्राह्मी लेख होता. या अस्थी शाक्यांच्या बुद्धाच्या आहेत, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. वसाहतीच्या सरकारने अस्थींचा भाग सयामच्या राजाला दिला, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये ठेवली आणि सुमारे पाचवा हिस्सा पेपेला ठेवू दिला. कारण काय? तर ती ‘डुप्लिकेट’ होती! तथागतांच्या अस्थींसोबत श्रद्धेने पुरलेला मणी डुप्लिकेट कसा असू शकतो? पण वस्तू एकदा श्रद्धावंताच्या हातून निसटली की तिला नाव देण्याचा अधिकारही जातो. कोणी तिला नमुना म्हणतो, कोणी डुप्लिकेट, आणि शेवटी सगळे तिला ‘लॉट’ म्हणतात.

मे २०२५ मध्ये सोदबीज या कंपनीने हीच रत्ने हाँगकाँगला लिलावात काढली. सुमारे दहा कोटी हाँगकाँग डॉलर येतील असा अंदाज होता. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला. जुलैअखेर रत्ने भारतात आली आणि ‘वारसा घरी परतला’ म्हणून जल्लोष झाला. रत्ने आली याचा आनंद मलाही आहे. पण ती परत आली की विकत आली? ती घेतली गोदरेज उद्योगसमूहाने, किंमत गुलदस्त्यात. म्हणजे ज्या कुटुंबाकडे ती वसाहतीच्या हुकमाने गेली, त्या कुटुंबाचा विकण्याचा हक्क आपण मान्य केला. चोरलेली सायकल सापडल्यावर ती विकत घेऊन घरी आणणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो का? आणि ज्या सरकारला बुद्धाच्या रत्नांचा एवढा अभिमान आहे, त्याने १९४९ चा बोधगया मंदिर कायदा बदलून महाबोधी महाविहार बौद्धांच्या हाती का दिलेला नाही? रत्ने प्रदर्शनात मांडता येतात, व्यवस्थापनाचा हक्क मात्र द्यावा लागतो. अडचण तिथेच आहे.

हे झाले मोठ्या लिलावाचे. आता आपल्या घरातली पत्र्याची पेटी उघडू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेटीत काय असते? ‘जनता’चे पिवळे पडलेले अंक, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वर्गणीची पावती, समता सैनिक दलाचा बिल्ला, जलशाच्या गाण्यांची वही, नागपूरच्या धम्मदीक्षेचा एखादा फोटो. काही घरांत पहिल्या वा दुसऱ्या महायुद्धातले पदक. दिवाळीच्या साफसफाईत किंवा इमारत पुनर्विकासाला गेली की हे सगळे बाहेर निघते. कागद रद्दीच्या भावाने जातो, पदक चांदीच्या वजनाने. मग तीच वस्तू दोन-तीन हात बदलते आणि फोनवर ‘रेअर’, ‘व्हिंटेज’ अशी चिठ्ठी लावून झळकते.

पदकाचेच पाहा. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. जाणकार संग्राहक आधी ती कड वाचतो. १९१७ मध्ये उभी राहिलेली आणि काही वर्षांतच मोडलेली १११ वी महार पलटण त्या कडेवर निघाली, तर पदकाचे मोल चांदीच्या वजनात मोजता येत नाही. म्हणजे मोल धातूचे नाही, नावाचे आहे. आणि ते नाव आपल्या माणसाचे आहे. ज्याला गावात पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, त्याच्या नावावर आज तिसराच माणूस नफा कमावतो आणि नातवाला पत्ताही नसतो.

व्यापाराची दुसरी रीत याहून घातक आहे. पेटी एकगठ्ठा विकत घ्यायची आणि फोडायची. पत्र एकाला, फोटो दुसऱ्याला, वही तिसऱ्याला, कारण सुटे विकले की पैसे जास्त. पण इतिहास सुट्या वस्तूत नसतो, तो त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असतो. फोटोतली माणसे कोण, हे वहीतल्या नावांवरून कळते. सभा कधी झाली, हे पावतीवरून कळते. गठ्ठा फुटला की एका वस्तीच्या चळवळीचा पुरावा संपतो आणि उरते ती दिवाणखान्यातली फ्रेम.

कोणी म्हणेल, ‘अहो, त्या व्यापाऱ्याने उचलले नसते तर त्याचा लगदाच झाला असता.’ हा मुद्दा खोटा नाही. अनेक दुर्मीळ कागद रद्दीवाल्यांमुळे आणि हौशी संग्राहकांमुळेच वाचले आहेत. पण यावरून काय सिद्ध होते? आपला वारसा बाजाराच्या दयेवर जगतो आहे, एवढेच. दयेवर जगणे आपण नाकारले आहे ना? मग रद्दीवाल्याच्या आधी आपले विहार त्या घरी का पोहोचत नाही? आणि औषधपाण्यासाठी, फीसाठी पदक विकणाऱ्या आयाबहिणींना मी दोष देणार नाही. दोष त्या जयंती मंडळाचा आहे, ज्याच्याकडे डीजेसाठी लाखो रुपये निघतात, पण ‘जनता’चा एक गठ्ठा वाचवायला पाच हजार निघत नाहीत.

स्वतः बाबासाहेब जुन्या बाजाराचे मोठे गिऱ्हाईक होते. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना पोट मारून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २,००० पुस्तके जमवली. १९१७ मध्ये परत येताना वेगळ्या जहाजाने पाठवलेले सामान बुडाले आणि त्यातली कितीतरी पुस्तके गेली. तरी त्यांनी पुन्हा जमवली आणि दादरला राजगृह बांधताना ग्रंथांसाठी जागा केली. संग्राहक आणि बाबासाहेब यांच्यातला फरक इथे आहे. एक काचेत ठेवायला घेतो, दुसरा वाचायला आणि लढायला. आपल्याला दुसऱ्याचा वारसा चालवायचा आहे.

हे अशक्य नाही. नागपूरजवळच्या चिचोलीत वामनराव गोडबोले यांच्या पुढाकाराने बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि इतर वस्तू जतन झाल्या. नानकचंद रत्तूंनी त्या जपल्या आणि बाजारात नाही, समाजाच्या हाती दिल्या. नाहीतर त्या कोटाला आज किती ‘लॉट नंबर’ लागले असते!

मग करायचे काय? प्रत्येक विहाराने एक नोंदवही ठेवावी: कोणाच्या घरी काय आहे, वस्तू कोणाची होती, तिची हकिकत काय. वस्तू घरातच राहू द्या, नोंद आणि फोटो विहारात ठेवा. फोटो दोन्ही बाजूंचे काढा, मागचा मजकूर अनेकदा जास्त मोलाचा असतो. जुना कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, पदक घासून चकचकीत करू नका. म्हातारी माणसे आहेत तोवर फोटोतली नावे लिहून घ्या. संस्थेला काही दिले तर लेखी द्या आणि विक्री करता येणार नाही ही अट घाला.

कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी शिल्पे, नाणी, कलावस्तू आणि ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते, दस्तऐवज हे पुरावशेष ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. नालंदा संग्रहालयातून १९६१ मध्ये चोरलेली बुद्धमूर्ती २०१८ साली युरोपातल्या व्यापारी मेळ्यात ओळखली गेली आणि परत मिळाली. का मिळाली? ती आपल्याकडे असल्याची नोंद होती म्हणून. ज्याची नोंद नाही, त्याची चोरीही होत नाही, त्याची फक्त ‘विक्री’ होते.

म्हणून तरुण भावांनो, बहिणींनो, पुढच्या जयंतीच्या बैठकीत मंडप आणि मिरवणुकीच्या आधी एक विषय घ्या: आपल्या वस्तीत किती पेट्या आहेत? त्या रद्दीवाल्याने मोजायच्या आधी आपण मोजू.

जय भीम! नमो बुद्धाय!